मातीतलं करिअर

पहिला पाऊस पडला की कॉफीचा मग घेऊन ऑफिसच्या खिडकीशी उभं राहायचं आणि ‘काय मस्त मातीचा वास येतोय!’ म्हणायचं, हे आपण सगळेच करतो. खरं म्हणजे तो वास नुसत्या मातीचा नसतो. मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू असतात, ते जिओस्मिन नावाचं रसायन तयार करतात आणि त्या वासात मोठा वाटा या जिओस्मिनचा. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात त्याचं बारसं झालं. ज्या संस्थेत झालं, ती संस्था उभी राहिली होती एका औषधाच्या रॉयल्टीवर. आणि ते औषध तयार करणारा जिवाणू सापडला होता शेणखत घातलेल्या शेतात.

या सगळ्याच्या मुळाशी आहेत सेल्मन वॅक्समन. जन्म १८८८चा, आजच्या युक्रेनमधल्या एका लहानशा गावातला. १९१० मध्ये अमेरिका गाठली आणि रटगर्सच्या शेतकी कॉलेजात नाव घातलं. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट काय, तर कॉलेजच्या शेतात खड्डे खणायचे, वेगवेगळ्या खोलीवरची माती काढायची आणि तिच्यातले जंतू मोजायचे. मोजता मोजता त्यांना बशीत काही विचित्र ठिपके दिसले. धड जिवाणू नाहीत, धड बुरशी नाही. बाकीचे लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचे, वॅक्समननी मात्र तेच धरून ठेवले. १९१६ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर त्यातल्या एका जातीची नोंद केली, नाव ठेवलं ग्रिसियस. हे नाव लक्षात ठेवा.

पुढची वीसेक वर्षं काय केलं? तर मातीच. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. पाला, मुळं, शेण यांचं शेवटी काय होतं, पिकाला नत्र कोण मोकळं करून देतं, कसदार जमिनीचा तो काळा ह्यूमस बनतो कसा, असे त्यांचे प्रश्न. १९२२ मध्ये गंधकाचं गंधकाम्ल करणारा आणि त्या आम्लातच मजेत राहणारा एक जिवाणू त्यांनी शोधला. १९२७ मध्ये मातीतल्या सूक्ष्मजीवांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, १९३६ मध्ये एक अख्खं पुस्तक फक्त ह्यूमसवर. पार्टीत कुणी ‘सध्या काय करता?’ विचारलं तर सांगणार काय, कल्पना करा! (आपल्याकडेही मातीतल्या या रहिवाशांना फारसा भाव नाही. २०१५ पासून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात. सामू आहे, सेंद्रिय कर्ब आहे, जस्त आहे. जिवाणूंचा रकाना नाही.)

मग एक साधा प्रश्न आला. क्षयाने गेलेल्या माणसांना पुरतात, तर ते जंतू मातीत टिकतात का? १९३०च्या दशकात वॅक्समनच्या प्रयोगशाळेने तपासलं. टिकत नाहीत. मातीतलं कुणीतरी त्यांना संपवतं. पण कोण? तेव्हा हा धागा तिथेच राहिला. १९३९ मध्ये त्यांचाच जुना विद्यार्थी रेने द्युबो याने मातीतल्या जिवाणूपासून जंतुनाशक द्रव्य काढलं आणि वॅक्समननी आख्खी टीम त्या दिशेला वळवली. १९४० मध्ये ॲक्टिनोमायसिन मिळालं, भयंकर विषारी निघालं. १९४२ मध्ये स्ट्रेप्टोथ्रायसिन मिळालं, तेही शरीराला झेपेना.

१९४३ मध्ये अल्बर्ट शॅट्झ हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी कामाला लागला. स्टायपेंड महिना ४० डॉलर. क्षयाचे जंतू हाताळायचे म्हणून त्याचं टेबल तळघरात, सरांची प्रयोगशाळा वर तिसऱ्या मजल्यावर. ऑक्टोबरमध्ये त्याला जिवाणूचे दोन नमुने मिळाले, एक शेणखताच्या मातीतून आणि दुसरा चक्क कोंबडीच्या घशातून. जात तीच, ग्रिसियस! त्यातून निघालं स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावर चाललेलं पहिलं ॲन्टिबायोटिक.

हे सगळं तिकडचं म्हणून सोडून देऊ नका. मी रोज पिंपरीहून हिंजवडीला जाते, त्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान ॲन्टिबायोटिक्स सुरू झाली, आपली एच. ए. कंपनी. आधी पेनिसिलिन, मग स्ट्रेप्टोमायसिनही तिथे बनू लागलं. तिथल्या एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१च्या सुमारास असंच एक स्ट्रेप्टोमायसिस शोधलं आणि त्यापासून बुरशीवरचं औषध काढलं. औषध हॅमायसिन, यातलं ‘हॅ’ कंपनीच्या आद्याक्षरांचं. आणि जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. ट्रॅफिकमध्ये अडकले की मला हे आठवतं आणि उगाच कॉलर ताठ होते.

आता भांडण. पेटंट वॅक्समन आणि शॅट्झ दोघांच्या नावावर होतं आणि ते विद्यापीठाच्या फाउंडेशनला दिलेलं होतं. पुढे शॅट्झला कळलं की सरांना रॉयल्टीचा वाटा मिळतोय आणि आपल्याला काही नाही. मार्च १९५० मध्ये त्याने सरळ कोर्टात खेचलं. डिसेंबरात तडजोड झाली. शॅट्झ सहसंशोधक ठरला, त्याला ३ टक्के आणि वॅक्समनना १० टक्के मिळाले. आणखी ७ टक्के प्रयोगशाळेतल्या बाकीच्यांत वाटले गेले, त्यात भांडी धुणारेसुद्धा होते. १९५२चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समनना. मूळ शोधनिबंधावर शॅट्झबरोबर एलिझाबेथ बुगी हिचंही नाव होतं, पेटंटवर तेही नव्हतं.

मला विचाराल तर दिशा वॅक्समनचीच. १९१६ पासून ते ठिपके जपले नसते तर तळघरात शॅट्झ शोधणार काय होता? पण रात्री-बेरात्री क्षयाच्या जंतूंशी खेळणारा पोरगा म्हणजे नुसते ‘हात’, हे सरांचं गणित मला पटत नाही. दोन वाक्यांत आभार मानून मोकळे होणारे बॉस आपणही पाहिलेत.

शॅट्झवर ‘गुरूला कोर्टात नेणारा’ हा शिक्का बसला आणि मोठ्या प्रयोगशाळांची दारं त्याला बंद झाली. वॅक्समन १९७३ मध्ये वारले. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९९४ मध्ये, रटगर्सने शॅट्झना विद्यापीठाचं मानाचं पदक दिलं. तेव्हा त्यांचं वय चौऱ्याहत्तर होतं.