सहावीनंतर शाळा बंद: अफगाणिस्तानात हे कसं घडलं?

बातम्यांत ‘मूलतत्त्ववाद’, ‘कट्टरतावाद’ असे शब्द आले की आपण चॅनल बदलतो. शब्द जड आहेत, पण झळ बायकांनाच आधी लागते. धर्म पाळणं वेगळं. मी सांगेन तोच धर्म, आणि तो सगळ्यांनी पाळलाच पाहिजे, नाहीतर बंदूक आहे, ही झाली कट्टरता. ती कुठल्याही धर्मात शिरते. आज इस्लामच्या नावानं चाललेल्या कट्टरतेचं एक उदाहरण बघू, अफगाणिस्तानचं.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत रशियाची फौज त्या देशात घुसली. नऊ-दहा वर्षं लढाई चालली. लाखो कुटुंबं पाकिस्तानातल्या छावण्यांत गेली. रशियाला हरवायचं म्हणून अमेरिका, सौदी अरेबिया आणि पाकिस्ताननं लढणाऱ्यांना पैसा आणि हत्यारं पुरवली. छावणीतल्या गरिबाच्या पोराला मदरशात जेवण, राहणं फुकट मिळायचं. कितीतरी मुलं आईबहिणींपासून लांब, लढाईच्याच गोष्टी ऐकत वाढली. ‘तालिब’ म्हणजे विद्यार्थी. तालिबान हे नाव त्यावरूनच पडलं.

रशिया गेला, तर टोळ्यांचे सरदार आपसात लढू लागले. रस्त्यारस्त्यावर वसुली, लूट, बायकांवर अत्याचार. १९९४ मध्ये कंदाहारकडून तालिबान आले, तेव्हा थकलेल्या लोकांना वाटलं, निदान रस्ते तरी सुरक्षित होतील. मला तर यात धर्माइतकीच भूक आणि भीती दिसते.

१९९६ मध्ये त्यांनी काबूल घेतलं, २००१ मध्ये ते हटले. मधल्या वीस वर्षांत मुली शिकल्या, गावोगाव सुईणी तयार झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत आले आणि मुलींची शाळा सहावीपर्यंतच राहिली. २३ मार्च २०२२ ला मोठ्या मुली दप्तर घेऊन शाळेत पोचल्या आणि काही तासांत घरी पाठवल्या गेल्या. त्याच डिसेंबरात विद्यापीठं बंद. २०२३ मध्ये ब्युटी पार्लर बंद, म्हणजे बाईची हक्काची कमाई गेली. डिसेंबर २०२४ मध्ये नर्स आणि सुईणीचं शिक्षणही थांबवलं. आता बघा, बाईला पुरुष डॉक्टरनं तपासलेलं तिथं पुष्कळ ठिकाणी चालत नाही. आजच्या नर्स म्हाताऱ्या झाल्यावर बाळंतपण कोण करणार?

कोणी म्हणेल, त्यांचा धर्मच तसा. तसं नाही. कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाच्या प्रमुख इमामांनीच सांगितलं, की मुलींना विद्यापीठात न शिकवणं शरियतच्या विरुद्ध आहे. इंडोनेशियात, बांगलादेशात मुस्लिम मुली कॉलेजात जातात. तेव्हा आपल्या गटातल्या मुस्लिम बहिणीकडं कोणी बोट दाखवलं, तर हे सांगा.

तिथल्या मुली घरात बसून शिकायला बघतायत. काबूलमध्ये ‘रेडिओ बेगम’ नावाचं बायकांचं केंद्र आहे. ८ मार्च २०२१ ला सुरू झालं. ते मुलींसाठी शाळेचे धडे लावतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालिबाननी ते बंद पाडलं होतं, पण त्याच महिन्यात पुन्हा परवानगी मिळाली.