तुटलेल्या नसेसाठी नळी

जबलपूरचं रिछाई औद्योगिक क्षेत्र असो की पुण्याची भोसरी, पत्र्याच्या कामात हाताला धार लागणं नवं नाही. मनगटावर जखम झाली, रक्त थांबलं, टाके पडले, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पुढे कळतं की अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर आहेत, शर्टाचं बटण काही लागत नाही. कातडीखालची मीडियन नस तुटलेली असते.

आत काय होतं

कारखान्यातला माणूस विचारतो, "वायरसारखी जोडता येत नाही का?" नाही येत. नसेत हजारो तंतू असतात आणि प्रत्येक तंतू ज्या पेशीतून निघतो ती मणक्यात किंवा मणक्याजवळ असते. नस कापली की मुळापासून तुटलेला पुढचा भाग काही दिवसांत मरतो. 1850 मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं. म्हणजे सर्जन टाके घालतो तो फक्त आवरणाला. आतले तंतू वरच्या टोकाकडून नव्यानं वाढत यावे लागतात, तेही दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत 18 सेंटिमीटर धरले तर सहा महिने झाले. नस कोपरापाशी तुटली असेल तर हिशेब आणखी लांबतो, आणि तिकडे स्नायू वाळत असतो. वर्ष-दीड वर्षानंतर तंतू पोचला तरी स्नायू त्याला फारशी दाद देत नाही.

नळीची कल्पना

दोन टोकं ताण न देता जुळली तर थेट टाके घालणंच उत्तम. मधला तुकडाच गेला असेल तर पोटरीतली सुरल नस काढून तिथे बसवतात. व्हिएन्नाच्या हान्नो मिलेसी यांनी ही पद्धत रुळवली. यात पावलाची बाहेरची कड कायमची बधिर होते, म्हणून मग दोन टोकांच्या मध्ये नळी. 1880 च्या सुमारास सर्जन ग्लुक यांनी हाडाची नळी वापरून पाहिली, पण ती साधली नाही. 1980 च्या दशकात स्वीडनच्या योरान लुंडबोर्ग यांनी उंदरांत सिलिकॉनची नळी बसवली. नळीत आधी द्रव साचतो, त्यात फायब्रिनचा धागा तयार होतो, त्यावरून पेशी आणि रक्तवाहिन्या सरकतात आणि मागून तंतू येतात. उंदरात 10 मिलिमीटरची फट अशी भरली. 15 मिलिमीटरला मात्र गाडी अडली.

सिलिकॉन विरघळत नाही आणि पुढे नसेला दाबू शकतं. म्हणून आता कोलॅजन किंवा पॉलिग्लायकॉलिक ॲसिडच्या, शरीरात विरघळणाऱ्या नळ्या मिळतात. त्या 3 सेंटिमीटरपर्यंतच्या फटीसाठी विकल्या जातात. पण हा आकडा जरा उदारच वाटतो. बोटातल्या बारीक, संवेदना वाहणाऱ्या नसेची छोटी फट हीच त्यांची खरी जागा.

रिकामी नळी पुरत नाही

अडतं ते नसेतल्या श्वान पेशींपाशी. नस तुटल्यावर याच पेशी मेलेला कचरा उपसायला लागतात, रांगेत उभ्या राहून तंतूंना वाट दाखवतात आणि वाढीची रसायनं सोडतात. (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर या त्यातल्या एका रसायनाच्या शोधासाठी रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना 1986 चं नोबेल मिळालं.) कुष्ठरोगाचा जंतू नेमका याच पेशींत घर करतो, त्यामुळे त्या रोगात हातपाय बधिर होतात. लांब फटीत या पेशी दोन्ही टोकांकडून मधोमध पुरेशा पोचतच नाहीत.

मग त्या बाहेरून का घालू नयेत? मायामीच्या डॉक्टरांनी मांडीच्या सायटिक नसेची मोठी फट असलेल्या एका रुग्णात हे करून पाहिलं. रुग्णाच्याच नसेतून काढून वाढवलेल्या श्वान पेशी त्यांनी सुरल कलमासोबत घातल्या आणि 2016 मध्ये हा अनुभव प्रसिद्ध केला. रुग्ण एकच, तेव्हा त्यावरून फार बोलू नये. अडचण साधी आहे: पेशी वाढवायला आठवडे जातात आणि तेवढा वेळ स्नायूकडे नसतो. म्हणून चरबीतल्या मूळ पेशींना श्वान पेशींसारखं वळण लावायचे प्रयोग चालू आहेत. सध्या तरी मोठ्या फटीला स्वतःच्या नसेचं कलम हाच भरवशाचा उपाय.

जखम झाल्यावर

टाके घालण्याआधीच प्रत्येक बोटाच्या टोकाला कापसानं स्पर्श करून "कळतंय का?" असं विचारून घ्यावं. बोट बधिर असेल तर हँड सर्जन किंवा प्लास्टिक सर्जन गाठावा, जखम भरायची वाट पाहू नये. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर नसेवर बोटानं टिचकी मारून पाहतात. जिथे झिणझिण्या येतात तिथवर तंतू पोचलेले असतात. ती जागा महिन्याला साधारण इंचभर पुढे सरकायला हवी. तोवर चहाचा ग्लास दुसऱ्या हातानं धरावा, कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही.