गिअरची सायकल घेतली, पण चढावर दम का लागतो? नवशिक्यांसाठी सोपी माहिती

त्र्यंबकेश्वर : गिअरच्या सायकली आता खेड्यापाड्यांतही दिसू लागल्या आहेत. पण सायकल 21 गिअरची असली तरी अनेक जण दुकानातून आणली त्या दिवशी जो गिअर होता, त्यावरच ती चालवतात. चढ आला की उभं राहून जोर लावायचा, नाहीतर उतरून ढकलायची. महिनाभरात गुडघे बोलायला लागतात आणि पाच-सात हजारांची सायकल पडवीत धूळ खात पडते. दोष बहुतेक वेळा पायांचा नसतो. गिअर कधी टाकायचा हे कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

21 गिअर म्हणजे नेमकं काय?

पुढे पायडलजवळ दातांची 3 चक्रं आणि मागच्या चाकाला 7, म्हणून 3 गुणिले 7 बरोबर 21. डाव्या हाताचा खटका पुढची चक्रं बदलतो, उजव्या हाताचा मागची.

एकच गोष्ट पाठ करा : पुढे लहान चक्र म्हणजे हलकं, मागे मोठं चक्र म्हणजे हलकं. खटक्यावर 1 हा आकडा दोन्हीकडे हलक्या गिअरचा असतो. मोटारसायकलचा पहिला गिअर जसा घाटात लागतो, तसंच हे.

आता हिशोब बघा. समजा पुढची चक्रं 42, 34 आणि 24 दातांची आहेत, मागची 14 ते 28 दातांची, आणि चाक 26 इंची आहे. सगळ्यात जड गिअरवर (42 आणि 14) पायडलची एक फेरी मारली की सायकल साधारण सव्वासहा मीटर पुढे जाते. सगळ्यात हलक्या गिअरवर (24 आणि 28) जेमतेम पावणेदोन मीटर जाते. म्हणजे चढावर हलका गिअर टाकला की अंतर कमी कापलं जातं, पण दर फेरीला जोरही तितकाच कमी लागतो. पन्नास किलोचं पोतं एकदम उचलण्याऐवजी पाच पाट्यांत वाहून नेल्यासारखं.

केडन्स : एका मिनिटात किती फेऱ्या?

एका मिनिटात पायडलच्या किती पूर्ण फेऱ्या होतात, त्याला केडन्स म्हणतात. मोजायला मीटर लागत नाही. उजवा गुडघा 15 सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि 4 ने गुणा. 18 वेळा आला तर केडन्स 72.

नवशिक्याने सपाट रस्त्यावर 65 ते 75 धरावा, सवय झाली की 80 ते 90. चढावर 60 पर्यंत उतरला तरी चालेल. पण 45-50 वर आला, मांड्या भरून आल्या, अंग डावी-उजवीकडे हलायला लागलं, तर गिअर जड आहे, हलका टाका. उलट पाय नुसते गरगर फिरतायत आणि बूड सीटवर उडतंय, तर एक गिअर जड करा.

त्याच वेगाने जाताना मिनिटाला 40 ऐवजी 80 फेऱ्या मारल्या, तर प्रत्येक फेरीचा जोर निम्मा होतो. सुरुवातीला श्वास थोडा जास्त लागतो, पण तो काही मिनिटांत सावरतो. गुडघ्यावर आलेला ताण मात्र दुसऱ्या दिवशी कळतो.

नाशिक–त्र्यंबक रस्त्यावर हे कसं वापरायचं?

नाशिकहून त्र्यंबक सुमारे 28 किलोमीटर. ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी नाशिककडे वाहते, म्हणजे उतार नाशिकच्या बाजूला. त्र्यंबककडे येताना एकूण चढच लागतो. डोळ्याला रस्ता सपाट दिसतो, पण पाय जड होत जातात. त्यात पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, म्हणजे समोरून येतो. वारा समोरून असेल तेव्हाही चढासारखाच हलका गिअर लागतो.

सातपूर सोडल्यावर पुढे मधलं चक्र आणि मागे मधला गिअर ठेवा. 34 आणि 20 दातांवर 75 चा केडन्स धरला तर वेग ताशी साधारण 16 किलोमीटर पडतो. महिरावणी, अंजनेरी, पेगलवाडी अशी गावं मागे टाकत पावणेदोन तासांत त्र्यंबक येतं. वाटेत चढानुसार फक्त मागचा गिअर एक-दोन घरं बदलायचा.

तोरंगण किंवा वाघेरा घाटात मात्र पुढचं लहान चक्र लागणारच. पहिल्या पंधरवड्यात घाटाच्या वाटेला न गेलेलं बरं.

गिअर बदलताना हे पाळा

- चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करा. अर्ध्या चढावर, पूर्ण जोर असताना बदलला तर चेन कडकड वाजते, उतरते किंवा तुटते.
- पायडल फिरत असतानाच बदला, पण त्या क्षणी जोर कमी करा.
- एका वेळी एकच घर बदला.
- पुढे मोठं आणि मागेही मोठं, किंवा दोन्हीकडे लहान, अशी जोडी टाळा. चेन तिरकी होऊन लवकर झिजते.
- थांबण्याआधी गिअर हलका करून ठेवा. पुन्हा निघताना झटका बसत नाही.
- उतारावर दोन्ही ब्रेक थोडे-थोडे दाबा. पावसात रिम ओली असते, म्हणून ब्रेक लवकर धरा.

सीटची उंची आधी बघा

सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर कितीही हलका गिअर टाकला तरी गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू शकतं.

बिनगिअरची सायकल असेल तर?

शाळेत जाणाऱ्या मुलींच्या सायकली बहुधा बिनगिअरच्या असतात. त्यांनाही सीटचा नियम तोच. चढाआधी थोडा वेग घ्यावा, आणि पाय अगदीच मंद झाले तर उतरून चालावं. त्यात कमीपणा नाही. टायरमध्ये हवा पुरेशी आणि चेनला तेल असेल तर निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

गिअर नीट बसत नसेल तर

नव्या सायकलची गिअरची तार पहिल्या महिन्यात थोडी सैल पडते. मेकॅनिककडून ती एकदा ताणून घ्या. सायकल उजव्या बाजूवर पडली असेल तर मागचा गिअर वाकलाय का ते बघा. तो आत वाकून तारांत अडकला तर चाकच जाम होतं. पावसाळ्यात चिखल धुवा, चेन कोरडी करा, तेलाचे थेंब सोडा आणि वरचं तेल फडक्याने पुसा.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांच्या संघात अमेरिकेतली सुमारे 4,800 किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. इतकं अंतर नुसत्या जोरावर कापलं जात नाही; पाय एका लयीत फिरत ठेवावे लागतात. शेतावर किंवा शाळेत जाणाऱ्यालाही तेच लागू आहे.

एवढं करूनही गुडघा आठ-दहा दिवस दुखत राहिला किंवा सुजला, तर सायकल थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.