कडुनिंबाचा पाला आणि शोधनिबंधांचा हिशेब

कडुनिंबाचे झाड पाहिले नाही असा विद्यार्थी महाराष्ट्रात सापडणे कठीण. आमच्या गोंदिया जिल्ह्यात धान्याला कीड लागू नये म्हणून कोठीत त्याचा वाळलेला पाला घालतात, गुढीपाडव्याला कोवळी पाने खातात आणि अंगावर पुरळ उठले की त्याच पाल्याच्या पाण्याने आंघोळ घालतात. या पाल्याने रसायनशास्त्राच्या जगातही नाव कमावले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यावर झालेल्या एका प्रयोगाची हकिगत २००४ साली छापून आली आणि त्यानंतर जगभरच्या हजारो शोधनिबंधांनी तिचा उल्लेख केला.

हजारो वेळा उल्लेख होतो म्हणजे नेमके काय होते? हे उल्लेख मोजतो कोण? आणि ज्याचे उल्लेख जास्त, ते संशोधन अधिक चांगले, असे म्हणता येईल का? तुमच्यापैकी काही जण पुढे संशोधनाकडे वळतील. त्यांना या आकड्यांशी रोजच गाठ घालावी लागणार आहे. तेव्हा हा हिशेब आजच समजून घेऊ.

पाल्याच्या काढ्यातून चांदी

आधी तो प्रयोग पाहू. सिल्व्हर नायट्रेट पाण्यात विरघळवले की चांदीचे आयन सुटे होतात. प्रत्येक आयनात एक इलेक्ट्रॉन कमी असतो. तो कोणी पुरवला, तर आयनाचा चांदीचा अणू होतो. असे अणू एकमेकांना चिकटून बारीक कण बनतात. हे कण काही नॅनोमीटर ते काही दशके नॅनोमीटर एवढे लहान असतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. आपला केस साधारणपणे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना करा.

इलेक्ट्रॉन पुरवण्यासाठी एरवी सोडियम बोरोहायड्राइडसारखी तीव्र रसायने वापरतात. एस. शिवशंकर, अखिलेश राय, अबसार अहमद आणि मुरली शास्त्री या पुण्याच्या चौघा संशोधकांनी त्याऐवजी कडुनिंबाची पाने पाण्यात उकळून काढलेला अर्क वापरला. पानातील शर्करा व टर्पिनॉइड यांसारखे पदार्थ इलेक्ट्रॉन देत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. चांदीचे कण तयार झाले, सोन्याचेही झाले आणि आत सोने व वर चांदीचे कवच असे दुहेरी कणही झाले.

कण तयार झाले हे डोळ्यांना कसे कळते? रंगावरून! चांदीच्या इतक्या बारीक कणातील इलेक्ट्रॉन प्रकाशलहरींबरोबर झुलू लागतात आणि सुमारे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे जांभळ्या टोकाकडचा प्रकाश शोषून घेतात. उरलेला प्रकाश आपल्याला पिवळसर दिसतो. सोन्याचे कण हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून त्यांचे द्रावण लालसर दिसते. सोन्याच्या अशा लाल द्रावणाचा अभ्यास मायकेल फॅरडे यांनी १८५७ सालीच केला होता.

त्याच २००४ साली याच प्रयोगशाळेने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी कण मिळवले. तो निबंध ‘नेचर मटेरिअल्स’ या नियतकालिकात आला. कडुनिंबाचा निबंध आला तो ‘जर्नल ऑफ कोलॉइड अँड इंटरफेस सायन्स’ या १९४६ साली सुरू झालेल्या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात.

उल्लेख म्हणजे ऋणाची नोंद

कोणताही शोधनिबंध घ्या, त्याच्या शेवटी एक यादी असते. ‘आम्ही हे काम केले, पण त्याआधी अमुक गोष्ट अमक्याने दाखवली होती, अमुक पद्धत तमक्याची आहे’ हे त्या यादीत लिहिलेले असते. वहीत मित्राचे गणित उतरवून घेतल्यावर ‘हे त्याचे’ असे प्रामाणिकपणे लिहिण्यासारखेच हे आहे. पुण्याच्या संशोधकांपूर्वी अमेरिकेत टेक्सासमधील संशोधकांनी लसूणघासाच्या जिवंत रोपांत सोन्याचे कण तयार होतात हे २००२ साली दाखवले होते. विज्ञानात कोणी शून्यापासून सुरुवात करीत नाही.

ही यादी मागे पाहायला लावते. २००४ चा निबंध हाती असेल, तर त्यावरून २००२ चा सापडेल. पण उलट दिशेने जायचे झाले तर? २००४ च्या निबंधाचा पुढे कोणी कोणी उपयोग केला, हे त्या निबंधात कसे असणार? त्यासाठी पुढच्या सर्व निबंधांच्या याद्या गोळा करून उलट्या मांडायला हव्यात.

वकिलांकडे ही सोय फार पूर्वीपासून होती. अमेरिकेत १८७३ सालापासून शेपर्ड यांची एक सूची निघे. जुन्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला आणि तो निकाल अजून टिकून आहे की फिरवला गेला, हे तीत पाहता येई. युजीन गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सुचवले की विज्ञानासाठीही अशी सूची करावी. १९६० साली त्यांनी फिलाडेल्फियात एक संस्था काढली आणि १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची बाहेर पडली. आता हेच काम संगणक क्षणात करतो.

प्रभावांकाचे गणित

उल्लेख मोजता येऊ लागल्यावर साहजिकच नियतकालिकांची तुलना सुरू झाली. मोठ्या नियतकालिकात निबंध अधिक, म्हणून उल्लेखही अधिक. तेव्हा भागाकार करून सरासरी काढायची असे ठरले. या सरासरीला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ म्हणतात. आपण तिला प्रभावांक म्हणू.

समजा, एका नियतकालिकाचा २०२४ सालचा प्रभावांक काढायचा आहे. त्याने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून २०० निबंध छापले. या दोन वर्षांतल्या मजकुराचा २०२४ मध्ये एकंदर ६०० वेळा उल्लेख झाला. तर प्रभावांक ६०० भागिले २००, म्हणजे ३. एवढेच हे गणित आहे. सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असे.

परंतु सरासरीत एक फसगत दडलेली असते. वर्गातील दहा मुलांपैकी नऊ मुलांच्या खिशात एकेक रुपया आणि दहाव्याच्या खिशात ९१ रुपये असले, तर सरासरी १० रुपये येते. प्रत्यक्षात दहा रुपये एकाच्याही खिशात नाहीत!

असेच एकदा खरोखर घडले. ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’ हे स्फटिकशास्त्राचे नियतकालिक आहे. त्याच्या ‘अ’ विभागाचा प्रभावांक २००८ साली २.०५१ होता. २००९ साली तो ४९.९२६ झाला. एका वर्षात जवळजवळ चोवीसपट! त्या वर्षी तिथल्या सगळ्या निबंधांचा दर्जा एकदम वाढला होता काय? नाही. जर्मनीतील गॉटिंगेनचे जॉर्ज शेल्ड्रिक यांनी स्फटिकातील अणूंची रचना शोधून काढणारे ‘शेलएक्स’ नावाचे संगणक-कार्यक्रम तयार केले होते. त्यांचा इतिहास सांगणारा त्यांचा एक निबंध २००८ साली या विभागात आला. हे कार्यक्रम वापरणाऱ्यांनी या निबंधाचा उल्लेख करावा, असे त्यात सुचवले होते. ते वापरणारे हजारो रसायनशास्त्रज्ञ होतेच. त्यांनी उल्लेख केले आणि सरासरी आकाशाला भिडली. दोन वर्षांची मुदत संपून तो निबंध हिशेबातून बाहेर पडताच, २०११ साली आकडा पुन्हा २ च्या आसपास आला.

यावरून ध्यानात ठेवायचे ते हे की नियतकालिकाचा प्रभावांक पाहून त्यातील एखाद्या निबंधाची योग्यता ठरवता येत नाही. आमच्या भौतिकशास्त्रातले उदाहरण तर सर्वांनाच ठाऊक आहे. रामन यांनी आपल्या नव्या शोधाचा निबंध १९२८ साली ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ या आपल्याच देशातल्या नियतकालिकात छापला. त्या शोधाला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जास्त उल्लेख कशाला मिळतात?

आजवर सर्वांत अधिक उल्लेख झालेला निबंध कोणता असेल? आइन्स्टाइन यांचा, असे तुम्ही म्हणाल. पण तसे नाही. १९५१ साली ऑलिव्हर लाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रावणात प्रथिन किती आहे हे निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजण्याची एक रीत सांगितली. त्या निबंधाचे उल्लेख तीन लाखांवर गेले आहेत. याचे कारण सोपे आहे. प्रथिनांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ती मोजावी लागतात. म्हणजे उल्लेखांवरून ‘उपयोग किती झाला’ हे कळते, ‘विचार किती खोल’ हे कळत नाही.

आता कडुनिंबाकडे परत येऊ. त्या निबंधाचे उल्लेख का वाढले? एक तर कल्पना सुंदर होती. दुसरे म्हणजे तिला महागडी साधने फारशी लागत नव्हती. सिल्व्हर नायट्रेट, पाला, गरम पाणी आणि कोणता रंग किती शोषला गेला हे मोजणारे यंत्र एवढ्यावर सुरुवात करता येत होती. लहान गावातल्या महाविद्यालयालाही नॅनोविज्ञानाचे दार उघडले, ही फार मोलाची गोष्ट झाली. मग कोणी तुळस घेतली, कोणी कोरफड, कोणी चहा. प्रत्येक नव्या निबंधाने जुन्याचा उल्लेख केला. संशोधनात लाट येते ती अशी.

पण लाटेबरोबर एक धोकाही येतो. पान बदलले की निबंध नवा, एवढ्यावर समाधान मानले जाऊ लागते. पानातल्या अनेक पदार्थांपैकी नेमका कोणता इलेक्ट्रॉन देतो? कणांचा आकार आपल्या इच्छेप्रमाणे ठेवता येईल का? दर वेळी तेच कण मिळतील का? हे प्रश्न अवघड आहेत. त्यांना वर्षे द्यावी लागतात. उल्लेखांची संख्या मात्र दोन्ही प्रकारच्या निबंधांना एकाच मापाने मोजते.

काही उपयोग तर या मोजणीत येतच नाहीत. डिसेंबर २००९ मध्ये टाटा उद्योगसमूहाने ‘स्वच्छ’ नावाचे पाणी गाळण्याचे यंत्र आणले. त्यात धानाच्या तुसाची राख वापरली होती आणि त्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले होते. हे कण जिवाणूंना मारतात. आमच्याकडे राइस मिलजवळ तुसाचे ढीग रचलेले असतात, त्या तुसाची ही करामत! पण असे पाणी पिणारा माणूस शोधनिबंध लिहीत नाही. त्याने कोणाचे ऋण मानले, याची नोंद कोणत्याच सूचीत सापडणार नाही.

आकड्यांच्या मागे धावताना

गारफिल्ड यांची सूची वाट दाखवण्यासाठी होती. पुढे नेमणूक, बढती आणि अनुदान ठरवतानाही निबंधांची संख्या आणि प्रभावांक पाहिले जाऊ लागले. परीक्षेत मार्कांनाच सर्वस्व मानले की गाइडे खपू लागतात. इथेही तसेच झाले. काही जण आपल्याच जुन्या निबंधांचे विनाकारण उल्लेख करू लागले. काही मंडळी ‘तू माझा कर, मी तुझा करतो’ असे संगनमत करू लागली. पैसे घेऊन, न तपासता काहीही छापणारी नियतकालिकेही निघाली.

हे दुखणे आपल्या देशात किती पसरले होते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली अनेक नियतकालिके होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी १००९ तपासली. त्यांचा निष्कर्ष २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके दर्जाच्या कसोटीला उतरली नाहीत! त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. यात खरा तोटा होतो तो नव्या विद्यार्थ्याचा. दोन वर्षे राबून केलेले काम तो अशा ठिकाणी छापतो आणि ते चांगले असले तरी कोणी वाचत नाही.

मग आकडे टाकून द्यायचे का? तसेही नाही. तापमापीवर १०२ अंश दिसले म्हणजे रोगाचे निदान झाले असे नव्हे, पण डॉक्टर तापमापी फेकून देत नाहीत. एखाद्या निबंधाचे उल्लेख खूप असतील, तर ‘का?’ असे विचारावे आणि उत्तरासाठी तो निबंध वाचावा. संशोधकाची पारख नियतकालिकाच्या प्रभावांकावरून करू नये, असे आवाहन २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संपादक-संशोधकांनी केले. त्यावर जगभरच्या अनेक संस्थांनी सह्या केल्या आहेत.

करून पाहा

शिक्षकांच्या परवानगीने शाळेच्या ग्रंथालयाची देवघेव वही घ्या. मागच्या दोन वर्षांत आलेल्या पुस्तकांची यादी करा. त्यांपैकी प्रत्येक पुस्तक या वर्षी किती वेळा घरी नेले गेले, ते मोजा. एकूण वेळांना पुस्तकांच्या संख्येने भागा. हा झाला तुमच्या ग्रंथालयाचा प्रभावांक. आता सर्वांत जास्त वेळा नेलेले एकच पुस्तक वगळून पुन्हा भागाकार करा. उत्तर किती बदलले? ते पुस्तक कोणते होते: गाइड, शब्दकोश की गोष्टींचे? आणि एकदाही कोणी न नेलेले एक पुस्तक उघडून त्याची पहिली दहा पाने वाचा.

शिक्षकांसाठी एक सूचना: कडुनिंबाचा प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दाखवता येतो. सिल्व्हर नायट्रेटने कातडीवर काळे डाग पडतात आणि ते डोळ्यांना अपायकारक आहे. म्हणून हातमोजे व चष्मा वापरून तो शिक्षकांनीच करावा आणि विद्यार्थ्यांनी रंग पिवळा होताना पाहावा.