दोन जातींचे पाइप, एक सांधा

मंडळी, मालवणकडची कितीतरी घरं चतुर्थीला आणि मे महिन्यातच उघडतात. मुंबईहून माणसं येतात, पंप चालू होतो आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या चिऱ्याच्या भिंतीवर ओल दिसते. अशा वेळी जुना जीआय आणि नवा सीपीव्हीसी जिथे जोडलाय, तो सांधा आधी बघा.

इथेच गफलत होते. जीआयचे आटे निमुळते असतात, पाचरीसारखे. ते प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये पान्याने पिळले की पाचर सॉकेटला आतून फाकवते. त्या दिवशी काहीच गळत नाही. चीर हळूहळू वाढते. म्हणून लोखंडी आट्यांवर आतून पितळी आटे असलेला एफटीएच घ्यायचा. टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा, हाताने घट्ट करा, मग पान्याने थोडंसंच. आणि क्रम: आधी आटे, मग सोल्यूशन. उलटं केलंत तर नुकताच चिकटवलेला सांधा पिळला जातो.

मग पितळ आणि लोखंड एकत्र चालतं का? प्रश्न रास्त आहे. दोन धातू आणि मधे पाणी म्हणजे छोटी बॅटरीच, आणि तिच्यात झिजतं ते जस्त आणि लोखंड. पाणी मचूळ असेल तर झीज जास्त, आणि खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात कशा होतात ते तुम्हाला मी सांगायला नको. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात तांब्याचा पत्रा आणि लोखंडी सांगाडा यांचं हेच झालं. १९८६ पर्यंत आतल्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. आपल्या सांध्यात पितळ थोडं आणि लोखंड पुष्कळ, त्यामुळे झीज सावकाश होते. पण होते. तेव्हा तो सांधा भिंतीत गाडू नका, हात पोचेल असा उघडा ठेवा. आणि जीआयच्या आधी तांब्याचा लांब पाइप कधीच नको. पाण्याबरोबर गेलेलं तांबं पुढच्या जस्ताला खातं.

यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसीचं दुखणं वेगळं. दुकानात दोन्ही ‘अर्धा इंची’, पण सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास साधारण १५.९ मिलिमीटर आणि यूपीव्हीसीचा २१.३. सोल्यूशन कितीही ओता, एक दुसऱ्यात बसतच नाही. इथेही आट्यांचेच जोड लागतात.

पावसाळ्यात काम काढलंत तर पाइप कोरडा पुसून घ्या, डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या आणि गिलावा करण्याआधी रात्रभर लाइन भरून ठेवा.