काय ओतलंय का?

सकाळी ६.५०
सांगलीजवळच्या कुपवाडमधली भाड्याची खोली. मिस्त्री पिशवी भरतोय. जुन्या जीनच्या पँटची शिवलेली पिशवी. चौदा इंची पाईप पाना, स्क्रू पाना, पक्कड, हेक्सॉ. टेफ्लॉनच्या चार गुंडाळ्या, सोल्युशनचा डबा, वायसरची डबी. पंधरा फुटी स्प्रिंग, वेटोळं करून सुतळीनं बांधलेली. सगळ्यात वर रबराचा पंप, म्हणजे लाकडी दांड्याला बसवलेली रबराची वाटी. किंमत ९० रुपये. दिवसाची निम्मी कमाई हाच करून देतो.

गाव माण तालुक्यातलं, सातारा जिल्हा. "आमच्याकडं पाणी येत नाही म्हणून माणसं ओरडतात," मिस्त्री म्हणतो, "इथं जात नाही म्हणून."

सकाळी ७.२०
पहिला फोन. दिवाळी होऊन आठवडा झालाय. फराळाचं तळण सरलं की प्लंबरांचा हंगाम सुरू होतो. कढईतलं उरलंसुरलं डालडा-तेल सिंकमध्ये जातं, रात्री थंडी पडते, आणि पाईपच्या आतून मेणासारखा थर धरतो. त्यावर भात, चहाची पूड, काथ्याचे धागे. मग एक दिवस पाणी उभं राहतं.

फोनवर मिस्त्री चारच प्रश्न विचारतो. एकच तुंबलंय का मोरी-बाथरूम सगळंच? हळूहळू झालं का एकदम? खालचा पाईप प्लॅस्टिकचा का बिडाचा? आणि चौथा, "काय ओतलंय का?"

पहिल्या तिन्हींची उत्तरं खरी मिळतात. चौथ्याला माणूस जरा थांबतो. मग म्हणतो, "नाही, काही नाही."

सकाळी ८.१०
कॉलेज कॉर्नरजवळचं हार्डवेअरचं दुकान. भाचा आधीच पायरीवर बसलाय. वय एकोणीस, रोज ४०० रुपये. एक बॉटल ट्रॅप १८०, एक वेस्ट पाईप ७०. "लागेल का?" मी विचारतो. "नाही लागला तर संध्याकाळी परत. दुकानदार घेतो." तीन चहा, ३० रुपये. पेट्रोल १०० चं. सगळं छोट्या वहीत.

सकाळी ९.०५
विश्रामबाग, दुसरा मजला. सिंकमध्ये काठोकाठ राखाडी पाणी. वैनींनी गॅसवर पातेलं ठेवलंय, पाणी खळखळ उकळतंय. मिस्त्री पहिल्यांदा गॅस बंद करतो. "उकळतं नको वैनी. प्लॅस्टिकचा पाईप मऊ पडतो, जोड सुटतो. हाताला जेमतेम सोसेल एवढंच."

वैनींनी रात्री मोबाईलवर बघून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरही करून बघितलंय. हे मात्र त्यांनी आपणहून सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. फेस छान येतो. पण एक आम्लारी, एक आम्ल. दोघं एकमेकांना मारतात आणि मागं बरंचसं खारट पाणीच राहतं. मेणासारखा थर त्याला कशाला दाद देईल?

मिस्त्री मगानं निम्मं पाणी बादलीत काढतो. चार बोटं पाणी ठेवतो. वरच्या कडेच्या भोकात ओलं फडकं कोंबतो, नाहीतर सगळा दाब तिथून निसटतो. पंपाची वाटी पाण्याखाली धरून पहिला दाब सावकाश, आतली हवा काढायला. मग वीसेक धक्के. "जोर ओढताना लावायचा," तो भाच्याला सांगतो. "नुसतं ढकललं तर बूच पुढं जाऊन घट्ट बसतंय." शेवटचा हिसका. आत गुडगुड होते, पाणी भोवरा करून जातं. जाळीवर एक पांढुरका लगदा उरतो. मिस्त्री तो चिमटीत धरून दाखवतो. पीठ. भाकरीची परात सिंकमध्ये विसळली की पीठ तेलात मिसळून खळ होते. पूर्वी हे धुवण म्हशीच्या आंबोणात जायचं. गोठा गेला, परात राहिली.

अडीचशे सांगितले. "दहा मिनिटांचे?" वैनी म्हणतात. दोनशेवर मिटलं.

सकाळी १०.३०
सराफ कट्टा. सोनाराची माडी, कारागिरांचं हात धुवायचं बेसिन. इथली रीत वेगळी. बॉटल ट्रॅपची वाटी उघडताना मालक स्वतः खाली स्टीलचं पातेलं धरून उकिडवे बसतात. आतला काळा गाळ एक थेंब न सांडता पातेल्यात. सोन्याचा कीस हातावरून पाण्यात, पाण्यातून ट्रॅपमध्ये. हा गाळ आटवणीला जातो. बाहेरच्या गटारातली माती झारेकरी चाळतात ती याच आशेनं. मिस्त्रीला २५० रुपये मिळाले, बिनघासाघीस. पातेलं मालकांनी कपाटात ठेवलं.

दुपारी १२.००
शंभर फुटी रोड. निवृत्त गृहस्थ, घर नीटनेटकं. सकाळचा फोन यांचाच होता. काही ओतलेलं नाही, असं दारातच पुन्हा सांगतात.

मिस्त्री सिंकजवळ जातो, पण हात घालत नाही. वाकून बघतो. जाळीभोवती स्टील पांढुरकं पडलंय. पाण्यावर बारीक बुडबुडे. मग तो काही न बोलता स्वयंपाकघराची खिडकी उघडतो, पंखा बंद करतो आणि केराच्या डब्यात डोकावतो. वर चहाचा चोथा, खाली पुडी. पाईप साफ करायच्या दाण्यांची.

"रात्री टाकली का सकाळी?"

"रात्री." काका जरा थांबतात. "दोन टाकल्या. गेलं नाही म्हणून आत्ता बाथरूमचं ॲसिड आणलं होतं. ओतलं नाही अजून."

मिस्त्री लांब श्वास सोडतो. ते दाणे म्हणजे कॉस्टिक सोडा. पाण्यात पडला की तापतो. त्यावर ॲसिड गेलं की पाणी उसळून तोंडावर येतं. ॲसिडला ब्लीचिंगची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात दोन श्वास पुरे. मिस्त्रीच्या उजव्या मनगटावर रुपयाएवढा गुळगुळीत डाग आहे. चार वर्षांपूर्वी अशाच एका घरी "काही नाही" म्हणाले होते. त्यानं सिंकमध्ये पंप मारला, शिंतोडे उडाले.

आता तो दुचाकीचा गॉगल चढवतो. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. काकू मदतीला पातेलं आणतात. "ॲल्युमिनियम नको काकू, हे त्याला खातंय." प्लॅस्टिकची बादली, प्लॅस्टिकचा मग. पंप पिशवीतच राहतो. घाई नाही. मगामगानं पाणी काढून होतं, मग बाहेरच्या चेंबरमध्ये भरपूर पाण्याबरोबर थोडं थोडं सोडलं जातं. भाचा लांबून नळी धरतो. त्याला जवळ येऊ दिलेलं नाही.

मग खालचा ट्रॅप. टबात धरून सोडवला. वाटी फिरेना. आत दाण्यांचा दगड झालाय. पाणी कमी, दाणे जास्त, सगळं गोठून चुनखडीसारखं बसलंय. तेलाचं बूच होतं तोवर ९० रुपयांच्या पंपाचं काम होतं. आता हेक्सॉ. ट्रॅप नवा, पाईप नवा. सकाळी घेतलेलं लागलंच.

हात धुताना मिस्त्री काकांना सांगतो, उपदेशाच्या सुरात नाही, पत्ता सांगावा तसं. "अंगावर उडालं तर लगेच नळाखाली धरायचं, वीस मिनिटं. डोळ्यात गेलं तरी तसंच, आणि मग थेट दवाखाना. सांगलीत हळद स्वस्त हाय म्हणून लावत बसायची नाही."

मजुरी ५००, सामान २५०. काकांनी न बोलता दिले. पुड्यांचा मात्र कुणी हिशेब धरला नाही.

दुपारी १.५०
रस्त्याकडेला लिंबाखाली डबा. ज्वारीची भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी. पहिला घास तोंडात, तेवढ्यात साताऱ्याहून बहिणीचा व्हिडिओ कॉल. ती राजवाड्याजवळ भाड्यानं राहते.

"दादा, सिंक तुंबलंय. इथला माणूस तीनशे मागतोय नुसतं यायचे."

"मोरी जातीय का?"

"जातीय."

"काय ओतलंय का?"

"तुझी शपथ, काही नाही."

"मग तूच उघड."

पंप तिनं मारून बघितलाय. आता सव्वाशे किलोमीटरवरून ट्रॅप उघडणं. आधी सिंकमधलं पाणी मगानं काढ. खालच्या कपाटातलं सगळं बाहेर काढ. बादली बरोबर वाटीच्या खाली. वरचा पाईप एका हातानं धर, हिसका देऊ नको. वाटी खालून बघितलीस तर घड्याळाच्या उलट फिरेल. घसरली तर कोरडं फडकं लाव. पाना लावू नको, प्लॅस्टिक चिरतंय.

पडद्यावर अंधार, मग कोपर, मग बादलीत धप्प आवाज. आणि "शी!" भाकरी खाता खाता मिस्त्री म्हणतो, "दाखव." काळं लोणी, त्यात एक चमचा आणि लसणाची सालं. डोंगर उतरून आलेलं कासचं पाणी या वाटीएवढ्या जागेत अडलं होतं.

ती वाटी घेऊन उठते, सवयीनं त्याच सिंकमध्ये धरते आणि नळ सोडते.

पाणी सरळ तिच्या पायावर.

भाचा इतका हसतो की त्याला ठसका लागतो. मिस्त्री हसत नाही. "सगळी करतात. मी पण केलंय." वाटी बाथरूममध्ये धुवून आली. काळं रबर जागेवर बसवलं, वाटी हातानंच घट्ट केली. सिंक निम्मं भरून एकदम सोडलं. जोडाला कोरडा कागद लावून बघितला. कागद कोरडाच. त्या वाटीत थोडं पाणी कायम राहायलाच पाहिजे, हे तो जाता जाता सांगतो. गटाराचा वास आणि झुरळं तेच पाणी अडवतं. "आणि परत आठ दिवसांत तुंबलं तर मात्र त्या माणसाला तीनशे दे. मग अडलेलं पुढं हाय, भिंतीत."

अकरा मिनिटं. वहीत नोंद नाही.

दुपारी ३.४०
गावभाग, जुना वाडा, पाच बिऱ्हाडं. आजी सांगतात, वरच्या मजल्यावर कुणी सिंक सोडलं की खाली त्यांच्या मोरीतून पाणी वर येतं. मिस्त्री पिशवी खाली ठेवत नाही. वरच्या वैनींना बादलीभर पाणी ओतायला सांगतो आणि आजींच्या नहाणी ट्रॅपजवळ कान लावून बसतो. गुडगुड. बुडबुडा. मग पाण्याची काळी जीभ जाळीतून वर.

बाहेरच्या चेंबरचं झाकण पाराईनं उचकटलं. काठोकाठ. म्हणजे घरातला एकही पाईप दोषी नाही, पुढची लाईनच बसलीय. "माझं काम इथं संपलं," मिस्त्री म्हणतो. पंप नाही, स्प्रिंग नाही, काहीच काढलेलं नाही.

मालक म्हणतात, "एखादं पोरगं उतरव की. हजार देतो."

भाचा मिस्त्रीकडं बघतो. हजार म्हणजे त्याचे अडीच दिवस.

"उतरणार नाही आणि उतरवणार पण नाही." २०१३ च्या कायद्यानं गटारात, मैल्याच्या टाकीत माणूस असा उतरवणं गुन्हा आहे, हे मिस्त्रीला माहीत आहे. पण तो सांगतो ते वेगळंच. "आधी सडक्या अंड्याचा वास येतोय. मग वास यायचा थांबतो. माणसाला वाटतं हवा सुटली. तिथंच खाली बसतंय माणूस." झाकण बसवलं, वर दगड ठेवला. महापालिकेच्या ड्रेनेज विभागाला फोन लावून दिला. मशीनची गाडी येईपर्यंत वरच्यांनी पाणी सोडू नये, असं पाची दारांत जाऊन सांगितलं.

वाड्याच्या भिंतीवर डोक्याच्या वर एक मळकट रेघ आहे. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी, त्या वेळी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आजी म्हणतात, पाणी दारातून आलंच नाही आधी. मोरीतून आलं. त्यांनी वाळूची पिशवी कोंबून वर पाटा ठेवला होता. पाट्यासकट उचललं.

आजींनी चहा दिला आणि पन्नास रुपये हातात कोंबले. "बघितलंस तरी."

संध्याकाळी ५.१५
दोन नळांचे वायसर, एक गळका फ्लश. लिहिण्यासारखं काही नाही. ३५० रुपये.

संध्याकाळी ६.३०
दुकानाची पायरी. वही. आले १६००. गेले सामान २५०, पेट्रोल १००, चहा ३०, भाचा ४००. उरले ८२०. उद्या फाटका हातमोजा बदलायचा आहे, १२० चा. आज अंगठ्याजवळ चीर दिसली. भाचा नोटा मोजतो, मग विचारतो, "मामा, गावभागात स्प्रिंग तरी घालून बघायची होती की. दोनशे तरी दिले असते." मिस्त्री सुतळी सोडून स्प्रिंग रॉकेलच्या फडक्यानं पुसत राहतो. पंधरा फुटांवर गंज धरू लागलाय.

रात्री ८.४०
खोली. हातांना लिंबाची फोड चोळून झालीय, वास थोडा राहतोच. ताट वाढलेलं. फोन वाजतो. मिरजेहून कुणी. सिंक तुंबलंय, पाहुणे आलेत, आत्ता येता का?

"एकच तुंबलंय का सगळं?"

एकच.

"हळूहळू का एकदम?"

हळूहळू, दिवाळीपासून. पाईप प्लॅस्टिकचा.

"काय ओतलंय का?"

पलीकडं भांड्यांचा आवाज, कुणीतरी कुजबुजतं. मिस्त्री घास हातात धरून थांबतो.