कोर्टाच्या दारात आजोबांचा अडकित्ता

मागच्या महिन्यात आजोबांसोबत कोर्टात गेले होते. जमिनीच्या वाटणीचा दावा, त्याची तारीख होती. दारातल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून आजोबा गेले आणि ती वाजली. हवालदारांनी चंची उघडायला लावली, आतला अडकित्ता काढून ठेवला.

"अहो, सुपारी कातरायचाय तो! मी म्हातारा कुणाला मारणार?" आजोबा चिडले. खरं सांगू? मलाही त्यांचंच पटलं.

आत गेलो, तर समोरच्या बाकावर चुलत आजोबा आणि त्यांची दोन मुलं. कित्येक वर्षं बोलणं नाही. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

बघा, एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं कोर्टात एकाच दिवशी, एकाच खोलीत येतात. तारीख आधीच ठरलेली. म्हणजे डूख धरणाऱ्याला समोरचा कुठे सापडेल, हे पक्कं माहीत असतं. साक्षीदाराला जिवाची भीती वाटली, तर तो खरं बोलेल का?

१३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला जमावानं ठार मारलं. त्याच्यावर बलात्काराचे, खुनाचे गंभीर आरोप होते. वस्तीतल्या बायकांचा राग समजू शकतो. पण आरोपीच मेला, की त्याच्यावरचा खटलाही संपतो. त्या आरोपांवर निकाल लागायचा राहिलाच.

२४ सप्टेंबर २०२१, दिल्लीचं रोहिणी कोर्ट. वकिलांच्या वेशात आलेल्या दोघांनी भर कोर्टरूममध्ये जितेंदर गोगी या गँगस्टरला गोळ्या घातल्या. पोलिसांच्या गोळीबारात ते दोघंही मेले.

काळ्या कोटाला सूट दिली, तर मारेकरी काळा कोट घालून येणार. पांढऱ्या केसांना सूट दिली, तर हत्यार एखाद्या आजोबांच्या चंचीतून आत जाणार. म्हणून तपासणी सगळ्यांची हवी.

आता ती चौकट काम कशी करते? तिच्यात तारांची वेटोळी असतात. त्यांतून वीज खेळवली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. धातू आला की त्यात बदल होतो आणि बीप वाजतो. पण तो सुरा आहे की पट्ट्याचं बक्कल, हे चौकटीला कळत नाही. म्हणून मग हातातलं यंत्र फिरवतात, खिसे चाचपतात. बॅग एक्स-रे मशीनमधून जाते. पडद्यावर कागद-कापड नारिंगी दिसतं, लोखंड निळं. पण ते बघायला डोळे उघडे ठेवून बसलेला माणूस लागतोच. यंत्र नुसतंच वाजत राहिलं आणि कुणी थांबवलंच नाही, तर उपयोग काय?

संध्याकाळी अडकित्ता परत घ्यायला गेलो. हवालदारांनी ड्रॉवरमधून दोन काढले. दुसरा चुलत आजोबांचा होता.

आजोबा काहीच बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "बरं केलं त्यानं."

तर मंडळी, पुढच्या वेळी कोर्टाच्या रांगेत वैतागलात, तर हे आठवा. भेटू पुढच्या भागात!